अप्पांच्या जीपचे नारंगी दिवे

जीपचं बाकी सगळं काम झालं होतं. पत्रा सरळ झाला होता, लष्करी हिरवा रंग बसला होता, वरची ताडपत्री नवी शिवून आली होती आणि स्टार्टर दाबला की इंजिन कुरकुर न करता सुरू होत होतं. घोडं अडलं होतं ते वळणाच्या दिव्यांपाशी.

जीप माझ्या वडिलांची, अप्पांची. अप्पा लष्करात ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन सोलापूरला आले आणि पुढं काही वर्षांनी लष्करानं मोडीत काढलेल्या गाड्यांच्या लिलावात ही जीप दिसली तशी घेऊनच आले. आईनं त्या दिवशी त्यांच्याशी अबोला धरला होता. घरात फ्रिज नव्हता आणि दारात जीप आली होती. अप्पा मात्र रोज सकाळी फडकं घेऊन तिच्याशी बोलत बसायचे. ते असेपर्यंत ती चालत होती. ते गेले आणि ती मागच्या अंगणात लिंबाखाली उभी राहिली. टायर बसले, सीटमध्ये मांजरीनं पिलं घातली, पत्र्याला पापुद्रे सुटले. कागदोपत्री ती आईच्या नावावर झाली होती, पण तिच्याकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं.

मग एका रविवारी माझा मोठा भाऊ म्हणाला, “अप्पांची गाडी उभी करू या का?”

दादाचं गॅरेज आहे. तेव्हा ते शहरातल्या एका बोळात, भाड्याच्या जागेत होतं. बोळ इतका अरुंद की मोठी गाडी आत वळायची नाही. धंदा जेमतेम चालायचा. आई त्याच्याकडंच राहते. मी लग्न होऊन शहराच्याच जुळे सोलापूर भागात, तरी दर रविवारी माझी फेरी असायचीच. दादा तसा कमी बोलणारा. अप्पांबद्दल तर तो कधीच काही बोलायचा नाही. त्यामुळं त्याच्या तोंडून हे वाक्य आलं तेव्हा मला भरूनच आलं. मी वहिनीसमोरच त्याचा हात धरला आणि म्हणाले, “मी येणार. दर रविवारी. सांगशील ते काम करीन.”

त्यानं मान हलवली. आई आत भाकरी थापत होती. तिनं थापणं थांबवलं नाही.

माझी ओढ त्या गाडीकडं का, ते सांगायला हवं. अप्पांनी मला गाडी शिकवली ती याच जीपवर. होटगी रोडच्या पलीकडं तेव्हा मोकळं माळरान होतं. तिथं नेऊन ते मला स्टेअरिंगवर बसवायचे आणि स्वतः शेजारी बसून तंबाखू मळत म्हणायचे, “क्लच हळू सोड. गाडी घोड्यासारखी असती, झटका दिलास की फेकून देती.” आमच्या गल्लीत तेव्हा बाईनं स्कूटर चालवली तरी लोक दारात यायचे. मी जीप चालवत यायचे. अप्पा मुद्दाम मला गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत आणायला लावायचे आणि शेजारी ताठ बसायचे.

दादाला त्यांनी ती चालवू दिली नाही. तो वयात येत होता तेव्हा न विचारता एकदा गाडी घेऊन गेला आणि फाटकाच्या खांबाला घासून आला. अप्पांनी त्याला अंगणात उभं केलं, बोल बोल बोलले आणि किल्ली काढून घेतली. माझ्या आठवणीत ही गोष्ट एवढ्याच दोन ओळींची होती.

तर, दिव्यांचं असं झालं. जीपच्या पुढच्या अंगाला दोन छोटे गोल दिवे होते. त्यांच्या काचा मूळच्या, जाड, रेघारेघांच्या आणि पांढऱ्या. वळताना उघडझाप करणारा दिवा नारंगी दिसायला हवा, नाहीतर पासिंगला अडचण येईल, असं दादा म्हणाला.

“काचा काढून टाकू,” तो म्हणाला. “प्लॅस्टिकच्या नारंगी मिळत्यात की बाजारात.”

“मग ती रिक्षा दिसेल,” मी म्हणाले. “काचा अप्पांच्या वेळच्या आहेत. त्या राहू देत. आतला बल्बच नारंगी घालू.”

तो जाऊन बल्ब घेऊन आला. पण हल्लीच्या नारंगी बल्बच्या बुडाशी ज्या दोन खुंट्या असतात त्या एकमेकींच्या बरोबर समोर नसतात, एक जरा सरकलेली असते. जुन्या होल्डरच्या खाचा अगदी समोरासमोर. बल्ब आत जाईना. पांढरा बल्ब मात्र चपखल बसत होता.

“मग पांढऱ्यालाच रंग देऊ,” मी म्हणाले.

दादानं माझ्याकडं बघितलं. “तू देतीस?”

“मग दुसरं कोण?”

माझा धंदाच रंगाचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी डाइंगच्या लॅबमध्ये काम करत होते. गिऱ्हाईकानं पाठवलेल्या चिंधीच्या रंगाशी आमच्या सुताचा रंग जुळवायचा, हेच माझं रोजचं काम. एकच रंग उन्हात एक दिसतो आणि ट्यूबखाली दुसराच, हे मला पाठ होतं. बल्बनं मला नवीन काही शिकवलं असेल तर ते एवढंच, की काचेवरचा रंग विझलेला असताना एक असतो आणि पेटल्यावर भलताच.

पहिल्यांदा मी सोपं म्हणून नेलपॉलिश लावून बघितलं. केशरी रंगाची बाटली मुद्दाम आणली. दिसायला झकास दिसलं. दादानं मला घरी चाचणीसाठी एक जुना होल्डर आणि बॅटरी आणून दिली होती. बल्ब पेटवला आणि थोड्याच वेळात रंगाला फोड आले, घरभर असा वास सुटला की नवरा उठून गच्चीत गेला. मग ऑइलपेंट. तो इतका दाट की उजेडच बाहेर येईना, आणि वर तापून काळा पडला. मग लॅबमधला डाय वार्निशमध्ये कालवून बघितला. तो सुरेख उतरला, पण वाळल्यावर त्याला भेगा गेल्या.

शेवटी चित्रकलेचं सामान मिळणाऱ्या दुकानात काचेवर नक्षी काढायचे पारदर्शक रंग मिळाले. त्यातला नारंगी पातळ केला. बल्बची काच स्पिरिटनं पुसायची, मग तिला बोट लावायचं नाही, कारण बोटाचं तेल लागलं की तिथं रंग धरत नाही. बुडाला तार बांधून बल्ब रंगात बुडवायचा, उचलायचा आणि कपडे वाळत घालायच्या दोरीला उलटा टांगायचा. रंग ओघळून टोकाशी एक थेंब जमतो, तो काडीनं टिपून घ्यायचा, नाहीतर तिथं डाग पडतो. वाळला की पुन्हा बुडवायचा. रंगाचा एकच हात दिला तर पेटल्यावर पिवळट दिसतो, जास्त झाले तर लालसर होतो. मधला नारंगी नेमका धरायला लागतो.

आमच्या स्वयंपाकघरात त्या दिवसांत दोरीला बल्ब लटकत होते. आई एकदा माझ्याकडं राहायला आली होती. ती खाली बसून लसूण सोलत वर बघत होती.

“एवढा कशाला जीव लावतीस?” ती म्हणाली.

“अप्पांची गाडी आहे, आई.”

“गाडीच हाय ती शेवटी.”

मला वाटलं, तिचा त्या गाडीवरचा जुना राग अजून गेलेला नाही. मी हसले आणि म्हणाले, “झाली की आधी तुला बसवून फिरवणार. तू पुढं, माझ्या शेजारी.”

ती लसणाची सालं गोळा करून उठली.

दोन बल्ब मनासारखे जमले. जमले म्हणजे, डावा किंचित गडद झाला. त्याला एक हात जास्तीचा बसला होता. पण मला राहवेना, मी रविवारपर्यंतही थांबले नाही. कारखाना सुटल्यावर तशीच गॅरेजला गेले. दादानं बल्ब बसवले, काचा लावल्या, स्विच खाली ओढला. टक्, टक्, टक्. त्या जाड जुन्या काचेतून नारंगी उजेड उघडझाप करायला लागला, आणि शेजारचा पंक्चरवाला, पानटपरीवाला असे सगळे बघायला आले. मी लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या.

दादा बोनेटवर हात टेकून उभा होता. त्याचे डोळे भरले होते. त्यानं तोंड फिरवलं आणि बाहीनं पुसलं. त्याला अप्पा आठवले, असं मला वाटलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, “अप्पा खूष झाले असते रे.”

“व्हय,” तो म्हणाला. 

पुढच्या रविवारी गेले तर गॅरेजातली जीपची जागा रिकामी. जीप पासिंगला गेलीय, दादा म्हणाला. त्याच्या पुढच्या रविवारी तिथं काहीतरी अडलं होतं. मग गिअरबॉक्समधून आवाज येत होता, म्हणून अकलूजच्या एका मेस्त्रीकडं पाठवली होती. तो मेस्त्री जुन्या गाड्यांचा, हाताला चांगला, पण घाई करत नाही म्हणे. मी विचारायची आणि दादा सांगायचा. “येईल की गं. जरा दम धर.” वहिनी चहा आणून ठेवायची आणि आत जायची. आई टीव्हीचा आवाज वाढवायची.

मला एकदाही शंका आली नाही. नंतर मागं वळून बघताना मी स्वतःला खूप वेळा विचारलं, की तुला दिसत कसं नव्हतं? रंगातला एवढासा फरक ओळखणारी बाई मी. पण रंगाकडं मी संशयानंच बघते, तो माझा धंदा आहे. आपल्या माणसांकडं असं कुणी बघतं का?

त्या हिवाळ्यात कारखान्याच्या कामासाठी मी पुण्याला गेले होते. परतीच्या एसटीत खिडकीशी बसले होते. मोडनिंब जवळ आलं तेव्हा दिवस मावळत होता. गाडी चहासाठी एका मोठ्या हॉटेलासमोर थांबली. नवंच झालेलं हॉटेल, पुढं फरशी घातलेलं अंगण, पोरांसाठी घसरगुंडी. मी पाय मोकळे करायला उतरले आणि अंगणाच्या कोपऱ्यात काहीतरी नारंगी उघडझाप करताना दिसलं.

मी आधी दिवे ओळखले, मग गाडी.

सिमेंटचा एक चौथरा बांधला होता. त्यावर जीप. चाकं सिमेंटमध्ये अर्धवट रोवलेली, म्हणजे ती पुन्हा कधी हलायची नाही. बोनेटवर प्लॅस्टिकच्या झेंडूच्या माळा. ताडपत्रीवर हॉटेलाचं नाव रंगवलेलं. एक बाई पुढच्या सीटवर बसून गॉगल लावून फोटो काढून घेत होती. आणि दोन्ही दिवे एकदम उघडझाप करत होते, दिवाळीच्या माळेसारखे. डावा उजव्यापेक्षा किंचित गडद होता.

 मग मी गल्ल्याशी गेले. कसं कोण जाणे, चहा मागितला. गल्ल्यावर मालक स्वतः बसला होता, गोल चेहऱ्याचा, बोलघेवडा माणूस.

“ती जीप कुठून आणली?” मी विचारलं.

“सोलापूरची हाय ताई,” तो खुलला. “खरी मिलिट्रीची. नुसती शोभेची न्हाय. माणसं ती बघूनच गाडी थांबवत्यात.”

“विकत घेतली?”

“न्हाय न्हाय. त्ये शेजारचं गॅरेज बघा, त्या मेस्त्रीची गाडी. हायवेला जागा पायजे होती त्याला. मी म्हणलं, जागा देतो, तुझ्या लिंबाखालची गाडी मला दे. पण तशी न्हाय, पार मिलिट्रीवाणी करून दे. तवा नुसता सांगाडा होता हो! पण पठ्ठ्यानं करून दिली की. इंजिन तेवढं काढून घेतलं, म्हणलं पोरं चढत्यात, उगं कुणी चालू केली तर?”

मी विचारलं, “म्हणजे काम सुरू करायच्या आधीच ठरलं होतं?”

“तर! ठरल्याबिगर कोण एवढं राबतंय?” त्यानं माझ्याकडं चहा सरकवला. “दिवे बघितले का? असले दिवे आता मिळत न्हाईत. त्याची भन हाय म्हणं कुटं कारखान्यात. तिनं हातानं रंगवल्यात. लई हौशी बाई असणार.”

“असेल,” मी म्हणाले.

हॉटेलाला लागून पत्र्याची ऐसपैस शेड होती. शटर खाली ओढलेलं होतं. वर नवीकोरी पाटी, आणि पाटीवर अप्पांचं नाव, पुढं ‘मोटर्स’. अप्पांचं नाव मी पुन्हा पुन्हा वाचलं. एसटीच्या कंडक्टरनं शिट्टी मारली. मी चहा तसाच ठेवून गाडीत जाऊन बसले. शेजारच्या आजींनी विचारलं, “बाई, बरं न्हाई का?” मी म्हणाले, “गाडी लागते मला.” जिला गाडी कधी लागली नाही, ती मी.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि सकाळीच दादाच्या घरी गेले. आई ओट्यावर ऊन खात ज्वारी निवडत बसली होती. दादा डबा घेऊन निघायच्या बेतात होता. तो रोज कुठं जात होता, तेही मला आता कळत होतं.

“दादा, जीप कुठं आहे?”

“सांगितलं की. अकलूजला. त्या मेस्त्रीला काय...”

“मी काल मोडनिंबला उतरले होते.”

 डबा खाली ठेवून तो ओट्याच्या पायरीवर बसला. आईचे हात सुपात चालतच राहिले.

“सांगणारच होतो,” तो म्हणाला.

“कधी?”

त्यानं डब्याची कडी काढली, परत लावली.

“अरे, गाडी द्यायची होती तर द्यायची. तुझा धंदा बसत नव्हता, मला दिसत नव्हतं का? तू येऊन मला म्हणाला असतास, अशी अशी जागा मिळतीय, तर मी काय आडवी पडले असते? पण मला तिथं रविवार रविवार राबवलंस. मी अप्पांचं नाव घेऊन त्या पत्र्याला पॉलिश पेपर घासत होते. आणि तू ऐकत होतास. मी दिवे रंगवून आणले, टाळ्या वाजवल्या, आणि तुला माहीत होतं.”

“तुला सांगितलं असतं,” तो खाली बघत म्हणाला, “तर तू एवढं केलं नसतंस.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

“काय म्हणालास?”

“खरं तेच म्हणलो. मला चांगली करून पायजे होती. मला येतंय डेंटिंग-पेंटिंग. पण तू जशी केलीस तशी मला आली नसती. हॉटेलवाल्यासाठी करायची म्हणलं असतं तर तूसुदिक केली नसतीस.”

म्हणजे माझं प्रेमसुद्धा त्याच्या हिशेबात होतं. कुठला पार्ट कुठून आणायचा, रंग कुठला, ताडपत्री कुणाकडून शिवायची, आणि जीव कुणाचा लावायचा. मला ओरडायचं होतं, पण आवाज निघाला तो रडका निघाला आणि त्याचाच मला जास्त राग आला.

“अप्पांच्या गाडीचं असं केलंस? आणि वर त्यांचंच नाव पाटीवर?”

तेव्हा दादानं मान वर केली. त्याचा चेहरा असा मी कधी बघितला नव्हता.

“अप्पांची, अप्पांची. तुझे अप्पा होते गं ते. तुला शेजारी बसवून गल्लीतनं मिरवायचे. मला सगळ्या गल्लीसमोर अंगणात उभं केलं होतं, म्हणाले, तुझ्या हातात हातगाडीसुद्धा द्यायच्या लायकीचा न्हाईस. मी गाड्याच दुरुस्त करत आलो जन्मभर. त्यांनी एकदा तरी त्या जीपचा पाना माझ्या हातात दिला का? बाहेरच्या मेस्त्रीकडं न्यायचे.” त्याचा आवाज फाटला. “त्या गाडीनं मला एक जागा मिळवून दिली. एवढं तरी दिलं त्यांनी मला, असं म्हणून पाटीवर नाव घातलं.”

 त्याचं म्हणणं खरं असेल. पण त्याचं दुःख खरं होतं म्हणून माझी फसवणूक खोटी होत नव्हती. अप्पांशी त्याचं जे काही भांडण होतं ते त्यानं माझ्याशी कधी मांडलंच नव्हतं. आणि वसुली मात्र माझ्याकडून केली.

“पण खोटं का बोललास?” मी पुन्हा विचारलं. “अकलूजचा मेस्त्री, पासिंग. इतके महिने? तुला खोटं बोलता येत नाही रे, तू तसा नाहीस.”

दादानं आईकडं बघितलं. फक्त बघितलं.

आईनं सूप खाली ठेवलं. पदरानं हात पुसले.

“त्याला बोलू नकोस,” ती म्हणाली. “मीच म्हणलं होतं, तिला सांगू नको म्हणून.”

ओट्यावर ऊन पडलं होतं. एक चिमणी सुपाच्या कडेला येऊन ज्वारी टिपत होती आणि आई तिला हाकलत नव्हती.

“तू?”

“तू नको म्हणाली असतीस. आन् तू नको म्हणल्यावर त्यानं दिली नसती. तुझ्या शब्दाभाईर न्हाय तो. मला म्हाईत हाय.” ती माझ्याकडं सरळ बघत होती. “तुझं बरं चाललंय. नोकरी हाय, नवरा चांगला हाय. त्याचं त्या बोळात काय झालं असतं? मला दोघंबी लेकरं. पण बुडणारं एकच होतं.”

“मग मला सांगून वाचवता आलं नसतं त्याला?”

“आलं असतं का न्हाय, काय म्हाईत. मी इस्वास न्हाय ठेवला,” ती म्हणाली.

 मला माझ्या स्वयंपाकघरातली दोरी आठवली, तिच्याखाली बसून लसूण सोलणारी आई आठवली. तिला तेव्हा सगळं माहीत होतं. मी म्हणत होते, तुला शेजारी बसवून फिरवणार, आणि ती सालं गोळा करत होती. दादावर मी चिडू शकत होते. आईवर चिडायला गेले की आतून काहीतरी कोसळल्यासारखं व्हायचं, मी रागापर्यंत पोचतच नव्हते.

वहिनी चहा घेऊन आली. मी घेतला नाही. चप्पल घातली आणि निघाले. आईनं हाक मारली नाही.

त्यानंतर मी बराच काळ तिकडं फिरकले नाही. नवरा म्हणायचा, गाडीच होती ना, सोडून दे. तोही आईसारखंच बोलला, असं मला वाटलं आणि मी त्याच्याशीही धड बोलत नव्हते. दादा एकदा कारखान्याच्या गेटवर येऊन उभा राहिला. हातात शेंगाचटणीची पिशवी. वहिनीनं केलेली.

“इंजिन माझ्याजवळच हाय,” तो म्हणाला. “विकलं न्हाय. तुला पायजे असलं तर...”

“इंजिन घेऊन मी काय करू?”

“मालकाशी बोलून बघतो मग. गाडी परत...”

“चाकं सिमेंटमध्ये आहेत, दादा. आणि तुझी जागाही त्याच्यावर उभी आहे. तू राहू दे.” मी चटणी घेतली. ती परत पाठवली असती तर वहिनीला वाईट वाटलं असतं, आणि तिचा यात काय दोष? “एक सांग. त्या दिवशी दिवे लागल्यावर तू रडलास, ते का?”

तो गेटकडं बघत म्हणाला, “तू टाळ्या वाजवल्यास म्हणून.”

पाळी बदलल्याचा भोंगा झाला. लोक बाहेर पडायला लागले. तो गर्दीत बाजूला सरला, मला वाट दिली आणि मोटारसायकलवर बसून गेला.

आता त्याचं गॅरेज चांगलं चालतं. हायवेला थांबणाऱ्या गाड्या मिळतात, हाताखाली माणसं ठेवली आहेत. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही दोघांनी आळीपाळीनं दवाखान्यात बसून दिवस काढले. डबे, गोळ्या, फिजिओथेरपीवाली कधी येणार, याबद्दल बोललो. भाऊबीजेला मी जाते, ओवाळते. वरून बघणाऱ्याला काही झालंय असं वाटणार नाही. कामानिमित्त पुण्याला जायची वेळ आली की मी मोडनिंब टाळून बार्शीवरून जाणारी गाडी बघते. लांब पडतं, पण चालतं.

गेल्या वर्षी मी तो कारखाना सोडला आणि दुसरीकडं नोकरी धरली. पगार बरा, लॅब मोठी, हाताखाली दोन मुली. आधी असं काही घडायचं असलं की मी पहिला फोन आईला करायची. चिंधीचा एखादा अवघड रंग जुळला तरी तिला सांगायची आणि ती काही न कळताही “झ्याक” म्हणायची. या वेळी मी रुजू झाले, पहिला महिना संपला, मग एका रविवारी भाजी निवडता निवडता तिला सांगितलं.

“कधी धरलीस?” तिनं विचारलं.

“महिना होऊन गेला.”

“आधी बोलली न्हाईस.”

“राहून गेलं,” मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं बघितलं. तिला कळलं, आणि तिला कळलं हे मलाही कळलं. मग ती मेथीची जुडी पुढं ओढून घेत म्हणाली, “तितं डबा खायला जागा हाय का नीट?”

“आहे,” मी म्हणाले, “चांगली आहे.”